मामाच्या जागी दोना ग्रासिएत

"शेजारणीला चहा दे, साखर दे, वाटीभर डाळ मागितली तर तीही दे. पण मूल हातात देऊ नकोस."

सुनेत्राकाकूंनी मला हे बजावलं तेव्हा मूल व्हायला अजून अवकाश होता. आम्ही नुकतेच लंडनमधल्या ईलिंगच्या या वरच्या मजल्यावर राहायला आलो होतो. अर्धी खोकी जिन्यातच होती आणि खालच्या फ्लॅटमधली म्हातारी दार किलकिलं करून आमच्या प्रेशर कुकरकडे टक लावून बघत होती. "एकदा मूल हातात घेतलं ना ऋजुता, की माणसाला हक्क वाटायला लागतो. मी जन्म काढलाय बर्मिंगहॅममध्ये. मला विचार."

मी हसून सोडून दिलं. काकू म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, सुयशच्या, श्रीकांतकाकांच्या पत्नी. त्या गॅसच्या मीटरपासून इंग्लिश डेन्टिस्टपर्यंत सगळ्यांबद्दल बजावतात. एवढ्या इशाऱ्यांतला नेमका कुठला खरा निघणार हे कसं ओळखायचं? तसं काळजी करण्यात मी कुणाला हार जाणारी नाही. स्वराली झाल्यावर ती जरा जास्त वेळ झोपली तर श्वास चालू आहे ना हे बघायला मी तिला उठवायचे, आणि मग ती रडते म्हणून मी रडायचे. पण काळजीचं एक असतं, ती नेहमी भलत्याच दिशेला तोंड करून उभी असते.

असंच एकदा प्रॅम, बटाटे आणि किंचाळणारी स्वराली असं सगळं घेऊन मी जिन्याच्या पायथ्याशी उभी होते. खालचं दार पूर्ण उघडलं. काळी शाल, लाल लिपस्टिक, वय पंच्याहत्तरीच्या आसपास. तिने काही न विचारता दोन्ही हात पुढे केले. बटाटे किंवा मूल, यातलं एकच मला धरता येणार होतं. मी बटाटे धरले.

स्वराली गप्प झाली. तशी ती कुणाकडेच व्हायची नाही. माझ्याकडेही नाही.

त्या बाईंचं नाव दोना ग्रासिएत व्हालादारेश. 'दोना' म्हणजे पोर्तुगीजांकडचं 'बाई'. पुढच्या काही महिन्यांत स्वराली रोज दुपारी त्यांच्या मांडीवर झोपायला लागली आणि मी रोज दुपारी माणसासारखी जेवायला लागले.

आता ज्या शनिवारबद्दल सांगायचं आहे, त्या दिवशी आमच्या घरी स्वरालीचं उष्टावण होतं आणि जर्मनीत वर्ल्ड कपची इंग्लंड-पोर्तुगाल मॅच. दोन्ही एकाच दिवशी आलं हा पंचांगाचा दोष. त्यात फुटबॉल देत नाहीत.

पण घरात सगळ्यांच्या डोक्यात तिसरंच काहीतरी होतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मे महिन्यात पुण्याहून आल्या होत्या आणि पुढच्या आठवड्यात परत जाणार होत्या. एकट्या, की स्वरालीला घेऊन, एवढंच ठरायचं होतं. माझी मॅटर्निटी लीव्ह संपत आली होती. नर्सरीच्या वेटिंग लिस्टवर आमचा नंबर लागेपर्यंत स्वराली कॉलेजात गेली असती. "दोन वर्षं पुण्याला राहू दे, मग घेऊन जा," असं आईंचं म्हणणं. आमच्या ओळखीतल्या कितीतरी मुलांचं असंच झालं होतं. मुलं आजीकडे, आईबाप इकडे प्रोजेक्टवर. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सुयशने तर मला न सांगता एअरलाइनला फोन करून बाळाच्या तिकिटाची चौकशीही करून ठेवली होती. मला मात्र ते मुळीच नको होतं. माझ्याकडे दुसरा एकच उपाय होता आणि तो खालच्या मजल्यावर राहत होता.

"मामा आला, जेवणं झाली, की सगळ्यांनी बसून काय ते ठरवू," असं आईंनी जाहीर केलं होतं.

*

आईंच्या बाजूने पाहिलं तर त्या दिवशी सकाळपासून एकच गोष्ट मनासारखी झाली होती, ती म्हणजे खीर. बाकी इंग्लंडात काही धड मिळत नाही, पण दूध चांगलं आहे, हे त्यांनी आल्या आल्याच मान्य केलं होतं. चांदीची वाटी त्यांनी पुण्याहून आणली होती. अंगठी मामा आणणार होता. मामाने बाळाला मांडीवर घ्यायचं, सोन्याच्या अंगठीने खिरीचं पहिलं बोट चाटवायचं, आणि तोपर्यंत बाळाच्या जिभेला दुधापलीकडे काही लागू द्यायचं नाही. हा नियम त्यांनी इतका कडक पाळला होता की हेल्थ व्हिजिटरने सुचवलेली गाजराची प्युरी फ्रीजमध्येच वाळून गेली.

"ती खालची येणार आहे का?" काकूंनी वेलदोडे सोलत विचारलं.

"ग्रेसबाई? येणार तर. ऋजुताने बोलावलंय." आईंनी 'ग्रासिएत'चं पहिल्याच दिवशी ग्रेसबाई करून टाकलं होतं. "पोर्तुगालची फार मोठी गायिका आहे म्हणे. शिवाय नटी."

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणते."

"मग झालं."

"सुयश, तू बघितलंस ना रे कॉम्प्युटरवर?"

सुयश दारात उभा राहून काजू खात होता. "एक फोटो सापडला. जिन्यावर पडून मरतेय. कोणीही असू शकतं, आई."

"एवढी प्रसिद्ध असती तर ईलिंगमध्ये कशाला राहिली असती?" काकू म्हणाल्या.

"आपण पण ईलिंगमध्येच राहतो."

"आपण कुठे प्रसिद्ध आहोत?"

मी ऐकत होते. माझी बाजू किती कच्ची आहे ते मला कळत होतं. मुलीला तिच्या सख्ख्या आजीकडे न ठेवता मी जिच्याकडे ठेवू म्हणत होते, तिची सगळी माहिती तिच्याकडूनच आलेली. आणि तीही रोज थोडी बदलायची. सेतुबाल गावच्या सार्डिनच्या कारखान्यात लहानपणी काम केलं, हे पक्कं होतं. मासे डब्यात रचताना गायची. मुकादमीण आधी ओरडायची, मग आजारी पडली की हिला घरी बोलावून गायला लावायची. तिथून रेडिओ, लिस्बनची नाटकं, मग सिनेमे. "नऊ सिनेमे," दोना ग्रासिएत सांगायच्या, "सातांत मेले. आठव्यात मी मरायला नकार दिला, तो पडला. नवव्यात परत मेले." पण गाणं का सोडलं याची उत्तरं मात्र वेगवेगळी. सोमवारी डॉक्टरने बंदी घातली असायची. बुधवारी नवऱ्याने: लंडनचे जॉर्जसाहेब एका कानाने बहिरे होते आणि चांगला कान त्यांनी क्रिकेटच्या कॉमेंट्रीसाठी राखून ठेवला होता. शुक्रवारी विचारलं तर खांदे उडवून म्हणायच्या, "संपलं माझं."

तरी स्वरालीपुरतं संपलं नव्हतं. फादो म्हणतात त्यांच्या त्या गाण्यांना. आईंच्या मते ते ऐकून घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं. पण आमची मुलगी अंगाईने टक्क जागी व्हायची आणि त्या शोकगीताच्या दुसऱ्या ओळीला गाढ झोपायची.

*

फोन वाजला. माझा भाऊ रघुवीर.

"ताई, ट्रेन रेडिंगलाच संपली. पुढे ट्रॅकचं काम. रिप्लेसमेंट बसमध्ये बसवलंय आम्हाला."

"मग कुठे आहेस?"

"एका गार्डन सेंटरपाशी. ड्रायव्हर रस्ता चुकलाय. लोक उतरून कुंड्या बघतायत."

रघुवीर बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डमध्ये ज्युनिअर डॉक्टर आहे. त्या दिवशी त्याला दोन कामं होती. खीर चाटवायची आणि माझ्या बाजूने बोलायचं. "तू काळजी करू नकोस," असं तो मला आठवडाभर सांगत होता. आमच्या घरात हे वाक्य म्हणजे काळजी करायला सुरुवात करण्याची खूण आहे.

"मुहूर्त टळतोय," आई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "पोरीला आता काही देऊ नकोस गं. थोडी भूक राहिली तर खीर चांगली खाईल."

स्वरालीला हे पटलं नाही. तिने जो सूर लावला तो जिन्यातून खाली गेला असणार, कारण दोन मिनिटांत दोना ग्रासिएत वर आल्या. ठेवणीतली झालरीची शाल, कानात लोलक, आणि हातात ताटभर कस्टर्डचे टार्ट. त्यांच्या देशात पाहुणी रिकाम्या हाताने जात नाही. आमच्यातही नाही. तिथेच सगळा घोटाळा झाला.

"मेनिना, मेनिना," अशी त्यांच्या भाषेत पोरीला हाक मारत त्यांनी स्वरालीला माझ्याकडून घेतलं आणि सोफ्यावर बसल्या. मी पाणी आणायला वळले. आई वाटीत केशर घालत होत्या. काकू रांगोळीवर पाय पडू नये म्हणून कडेने चालल्या होत्या. अचानक घर शांत झालं. मी वळून पाहिलं. दोना ग्रासिएत यांचं बोट स्वरालीच्या तोंडात होतं, बोटावर पिवळं कस्टर्ड होतं, आणि त्याच बोटात जॉर्जसाहेबांची सोन्याची अंगठी. स्वराली डोळे मिटून चोखत होती. तिच्या चेहऱ्यावर आजवर न पाहिलेलं समाधान होतं.



"झालं," काकू म्हणाल्या.

"काय झालं?" सुयश.

"उष्टावण."

"छे, हे कसलं उष्टावण!" आईंनी वाटी दाणकन खाली ठेवली. "ह्याला काय अर्थ आहे?"

"वहिनी, बघा ना. मांडी आहे. दूध आहे, साखर आहे. सोनं आहे. मुहूर्तही साधला."

"अंडं आहे!"

"आई, केकमध्ये पण असतं," सुयश म्हणाला.

"मी केक खात नाही."

"परवा खाल्लास की."

"तो मी ढोकळा समजून घेतला होता."

दोना ग्रासिएत यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांना नाटकातला पेचप्रसंग ओळखता येत असावा. "मी काहीतरी केलंय," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

मी त्यांना समजावलं. हे पहिलं बोट मामाचं असतं. जो हे बोट चाटवतो तो मुलीच्या पाठीशी जन्मभर उभा राहतो. लग्नात अंतरपाटापाशी तिच्यामागे उभा राहतो, अक्षरशः. बोलता बोलता मी स्वरालीच्या अंगावर कुठे पुरळ उठतंय का ते बघत होते. एक लाल ठिपका दिसला. तो लिपस्टिकचा निघाला.

दोना ग्रासिएत यांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. माफी वगैरे मागितली नाही. "लग्न कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"अजून पंचवीसेक वर्षं आहेत."

त्यांनी मनात हिशेब केला. "मला खुर्ची लागेल," त्या म्हणाल्या.

*

रघुवीर घामाघूम होऊन पोचला तेव्हा काकूंनी त्याला दारातच बातमी सांगितली. त्याच्या चेहऱ्यावर आधी धक्का आला, आणि मग, मी त्याला लहानपणापासून ओळखते म्हणून मला दिसलं, सुटका.

"खरं सांगू का?" तो बूट काढत म्हणाला. "अंगठी ऑपरेशन थिएटरच्या लॉकरमध्ये राहिली."

"म्हणजे तू अंगठीशिवाय आलास?" आईंनी विचारलं. "मामा होऊन?"

"बसमध्ये एका बाईंनी कुंडी घेतली होती, अंगठीच्या बदली ती देऊ म्हणत होत्या."

त्यानंतर आईंना दोना ग्रासिएत यांच्यावर रागावणं अवघड होऊन बसलं. निदान त्यांनी सोनं तरी आणलं होतं. खिरीचं बोट रघुवीरने चांदीच्या चमच्याने चाटवून घेतलं, फोटोपुरतं. स्वरालीने खीर थुंकली आणि टार्टच्या ताटाकडे हात केला.

जेवायला सगळे एकाच टेबलाभोवती कोंबून बसलो. स्वराली दोना ग्रासिएत यांच्या खांद्यावर पेंगत होती. आईंनी दुसऱ्यांदा पोळी वाढली आणि विषय काढला. पुढचं बरंचसं इंग्रजीत झालं, पाहुणीसमोर मराठीत कुजबुजणं बरं दिसत नाही म्हणून. आई शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांचं इंग्रजी नकाशासारखं स्वच्छ.

"प्रॅक्टिकली बघितलं तर पुणं बरं पडेल," सुयश ताटात बघत म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

"आमचा गंधार चार वर्षांचा होईपर्यंत सांगलीला होता," काकू म्हणाल्या. "काही बिघडलं का?"

गंधार आता मँचेस्टरला असतो. तो दिवाळीला फोन करतो आणि काकू तो फोन पुढच्या दिवाळीपर्यंत सगळ्यांना सांगतात.

मी रघुवीरकडे पाहिलं. टेबलाखालून त्याच्या पायावर पायही दिला.

"मी काय म्हणतो," रघुवीरने सुरुवात केली. तेवढ्यात आईंनी त्याच्या पोळीवर तुपाची धार सोडली. त्याने एक घास घेतला. डोळे मिटले. "ताई, हे रोज मिळणार असेल तर मी पण जातो पुण्याला."

भाऊ! तुपाच्या एका धारेत फुटला.

"तुम्ही बाळाला कुठे पाठवताय?" दोना ग्रासिएत यांनी विचारलं.

सुयशने सांगितलं. फक्त दोन वर्षं, आजीकडे, उत्तम सोय.

"हो, उत्तम," त्यांनी मान डोलावली. "मीही पाठवली होती. माझी लिदिया एवढीच होती. एका सीझनसाठी, माझ्या आईकडे, सेतुबालला." आणि मग त्या खुलल्या. ते वर्ष त्यांचं होतं. लिस्बनमध्ये संध्याकाळी नाटक, सकाळी शूटिंग, रस्त्यात लोक शालीला हात लावायचे. तेव्हा त्यांच्याकडे हुकूमशाही. सेन्सॉरने त्यांच्या गाण्याचं एक कडवं कापलं. "मी काय केलं? त्या जागी तोंड मिटून नुसती गुणगुणले. सगळ्या थिएटरने कडवं म्हटलं! सेन्सॉरचा माणूस पहिल्या रांगेत. मला काय करणार? मी तर तोंडच उघडलं नव्हतं!"

आई खुदकन हसल्या. त्यांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी लोणचं पुढे सरकवलं.

"मग ब्राझीलचा दौरा आला. मग परत सिनेमा. एका सीझनची सहा वर्षं झाली." त्यांनी स्वरालीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "शेवटी मी मोठी मोटार घेऊन लिदियाला आणायला गेले. तिने दार उघडलं. मला खुर्ची दिली. म्हणाली, 'बाईसाहेब, कॉफी घेणार का?' इतकी चांगली वळणाची मुलगी! इतकी छान शिकवलेली!"

सगळे हसले. सुयश तर जोरात. मग एकेकाचं हसू थांबत गेलं. शेवटी फक्त तोच हसत राहिला आणि त्याला ते कळल्यावर खोकला.

"आता टोरांटोला असते," दोना ग्रासिएत म्हणाल्या. "अजून मला तसंच आदराने बोलते."

काकू पोळीचा तुकडा हातात धरून बसल्या होत्या. "वहिनी," त्या मराठीत म्हणाल्या, "नका नेऊ."

"अगं, आत्ता तर म्हणालीस, काही बिघडलं नाही."

"त्याचं नाही बिघडलं."

मला वाटलं, जिंकले. पण आईंचं लक्ष काकूंकडे नव्हतंच. त्या दोना ग्रासिएत यांच्याकडे बघत होत्या. वर्गात नकाशावर एखादं गाव सापडत नसलं की बघत असतील तसं.

"आणि तुमच्या आई?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "तुम्ही मुलगी घेऊन गेलात. मग त्यांचं काय झालं?"

दोना ग्रासिएत यांनी चमचा खाली ठेवला. "आयुष्यभर मुलाखती दिल्या मी," त्या म्हणाल्या. "हे कुणी विचारलं नाही." मग म्हणाल्या, "कॅनरी पक्षी आणला तिने. त्याला इतकं खायला घातलं, इतकं, की तो मेला. मग दुसरा आणला. तोही तसाच गेला. तिसऱ्याच्या वेळी दुकानदाराने विकायला नकार दिला."

आई उठल्या आणि ताटं गोळा करायला लागल्या.

*

सुयश आणि रघुवीर इंग्लंडच्या बाजूने होते. कायमचं राहायचा परवाना मिळेपर्यंत दुसरी बाजू घेणं बरं नाही, असं सुयशचं मत. टीव्हीचा आवाज बारीक होता, कारण स्वराली दोना ग्रासिएत यांच्या मांडीवर झोपली होती. पेनल्टीज सुरू झाल्या. पोर्तुगालचा निर्णायक गोल झाला तेव्हा समोरच्या घरातून एक भलामोठा सुस्कारा ऐकू आला. दोना ग्रासिएत यांनी तोंड उघडून, दोन्ही मुठी वर करून, आवाजाशिवाय एक संपूर्ण आरोळी ठोकली. मग स्वरालीच्या पायाचं चुंबन घेतलं.

निर्णय मात्र तसाच लोंबकळत होता. आई स्वयंपाकघरात धुतलेली भांडी परत धुवत होत्या. आत जायची माझी हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात हॉर्न सुरू झाले. अक्सब्रिज रोडवरून आधी दुरून, मग थेट आमच्या गल्लीत. दोन गाड्या आणि एक व्हॅन, लाल-हिरवे झेंडे, खिडकीतून अर्धी बाहेर आलेली पोरं, ढोल. स्वराली दचकली.

दोना ग्रासिएत उठल्या. स्वयंपाकघरातून हात पुसत आलेल्या आईंच्या हातात त्यांनी स्वरालीला ठेवलं, शाल सारखी केली आणि जिना उतरल्या. आम्ही सगळे खिडकीशी.

त्या गेटमधून सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि एक हात वर केला. पहिल्या गाडीने करकचून ब्रेक लावला. एक पोरगा काहीतरी ओरडला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पोरगा आणखी जोरात ओरडला.

मग व्हॅनचं दार उघडलं आणि एक म्हातारा उतरला. दोन पावलं आला, थांबला. डोक्यावरची टोपी काढली. तो काय बोलला ते आम्हाला कळलं नाही. फक्त त्यातलं नाव कळलं, पूर्ण नाव, हळूहळू उच्चारलेलं. ढोल बंद पडला. त्या त्याला काहीतरी म्हणाल्या आणि आमच्या खिडकीकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने वर पाहिलं, आईंच्या खांद्यावरचं बाळ पाहिलं, आणि वळून पोरांना एक खूण केली.

इंजिनं बंद झाली. पोरं खाली उतरली. आणि त्या तिन्ही गाड्या, झेंड्यांसकट, त्यांनी ढकलत ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेल्या. एक अवाक्षर नाही. एकाने शीळ घातली, त्याला म्हाताऱ्याने टप्पल मारली. व्हॅन जड होती, चढ होता, ती हलेना. समोरच्या घरातला इंग्लंडचा शर्ट घातलेला माणूस रडवेल्या चेहऱ्याने पायरीवर बसला होता. तो उठला आणि त्यानेही हात लावला. म्हातारा शेवटपर्यंत टोपी छातीशी धरून उलटं चालत गेला. दोना ग्रासिएत यांनी मान किंचित झुकवली, पूर्वी पडदा पडताना झुकवत असतील तेवढीच.

"म्हणजे खरंच फेमस आहे ही," सुयश म्हणाला.

"मी कधी नाही म्हटलं?" आई म्हणाल्या.

जिना चढून आल्यावर दोना ग्रासिएत यांना धाप लागली होती. त्यांनी सवयीने हात पुढे केले. आईंनी स्वरालीला लगेच दिलं नाही. तिच्या जावळावरून गाल फिरवला, मग आणखी एकदा. आम्ही कुणीच एकमेकांकडे बघत नव्हतो.

"ग्रेसबाई," शेवटी त्या त्यांच्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "सोमवारपासून तुम्ही वर येणार, की ही खाली येईल?" आणि उत्तराची वाट न बघता सुयशला म्हणाल्या, "त्या एअरलाइनवाल्यांना कळव. मी एकटीच."

"आई, अगं, विचार करून ठरवू..."

"केलाय मी." मग माझ्याकडे वळल्या. मी तोपर्यंत रडायला लागले होते, त्यामुळे त्या जरा रागावूनच बोलल्या. "दोन वर्षांनी तू हिला न्यायला आली असतीस. दारात उभी राहून. आणि मी दिली नसती. काहीतरी कारण काढलं असतं, हवा, शाळा, काहीही. मला माझं माहीत आहे ना." त्यांनी स्वरालीला दोना ग्रासिएत यांच्या हातात ठेवलं. "आणि तिला म्हणावं, अंडं आठवड्यातून एकदाच."

काकू डोळे पुसत फोनकडे गेल्या. मँचेस्टरला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग त्या म्हणाल्या, "गंधार? काही नाही रे. उगीच केला."

*

ठरल्याप्रमाणे आई एकट्या गेल्या. दर रविवारी फोन करतात. स्वरालीच्या दातांची चौकशी, ग्रेसबाईंच्या गुडघ्याची चौकशी, टेम्सला पूर आलाय का. स्वतःबद्दल विचारलं की म्हणतात, "मला काय होतंय? श्वास घ्यायला फुरसत नाही इथे." माझा त्यावर विश्वास नाही. काळजीत माझा अभ्यास दांडगा आहे, आणि ज्याला खरोखर फुरसत नसते तो इतका वेळ फोनवर बोलत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्यापैकी कुणी पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला राहत असाल, किंवा काही कामाने तिकडे गेलात, तर एकदा त्यांच्याकडे जाऊन या. अनुराधाबाई कुठे राहतात असं कुणालाही विचारा, शाळेतल्या बाई म्हटलं की दाखवतील. बेल वाजवून जरा थांबा, त्यांना उठायला वेळ लागतो. मी पाठवलंय असं सांगू नका, चिडतील. भूगोलाचं काहीतरी विचारायचं होतं म्हणा. नीट जेवतात का बघा, एकट्याने बोलत असतात का बघा, आणि मला कळवा. त्या दारातूनच सांगतील की खूप कामं पडली आहेत. तरी आत जा. बसा थोडा वेळ. त्या उठा म्हणणार नाहीत.